क्लेमच्या क्रॉसची माती

नेदरकूम, डेव्हन
मंगळवार, ५ एप्रिल १९२७

प्रिय ड्रुसिलाताई,

तुझं पत्र शनिवारी हाती आलं. घोट्याची सूज उतरली, काठी टेकत का होईना पण जिना चढतेस, हे वाचून जिवाला बरं वाटलं. लेटीला म्हणावं, आईला जिन्यात एकटी सोडू नकोस, खुराड्याच्या शिडीवरून पडलेली बाई आहे ती. तरी मी तेव्हा ओरडत होते, अंडं एकच आहे, राहू दे. पण ऐकशील तर तू कसली! आणि ब्रिस्टलच्या चहाला नावं ठेवलीस म्हणून जावईबापू रुसले असतील तर रुसू देत. शहरातलं दूध ते, त्याने चहाचा रंगसुद्धा बदलत नाही.

आम्ही इकडे मजेत आहोत. जेबेझच्या छातीत कफ झाला होता. मी मोहरीचा लेप थापला तर म्हणतो, "सेलिना, मला बरं करतेयस की भाजतेयस?" एवढी जीभ चालते म्हणजे बरा आहे असं समजून मी त्याला चर्चच्या आवारातलं गवत कापायला पिटाळलं. तुझ्या कोंबड्या माझ्याकडे राहायला आल्यापासून भलत्याच मस्तवाल झाल्या आहेत. ती ठिपकेवाली तर माझ्या खुर्चीत बसते, आणि उठवायला गेलं की माझ्याकडे अशी बघते की मीच पाहुणी. आपल्या म्हाताऱ्या मेंढीला तिळं झालं. तिला दूध पुरत नाही, म्हणून एक कोकरू माझ्या चुलीपाशी टोपलीत आहे. बाटलीने पाजते. आता ते मलाच आई समजतं आणि जिथे जाईन तिथे मागे येतं.

पाद्रीसाहेबांनी नवा चष्मा घेतला. अगं, काय सांगू! पूर्वी त्यांना स्वतःचं अक्षर लागायचं नाही म्हणून प्रवचन लवकर आटपायचं. आता प्रत्येक शब्द दिसतो आणि प्रत्येक शब्द आम्हाला ऐकावा लागतो. मागच्या रविवारी माझा भाजायला ठेवलेला मटणाचा तुकडा कोळसा झाला. देव मला क्षमा करो, पण त्या चष्म्यावर कुणीतरी चुकून बसावं अशी मी मनातल्या मनात प्रार्थना करते.

पोस्टात नवी बाई आली आहे, मिसेस टॅपस्कॉट. नवरा तिकिटं विकतो, ती धुते. काय धुते म्हणून विचारशील, तर समोर येईल ते. तू ब्रिस्टलला गेलीस त्याच्या पाठोपाठ ती प्लिमथहून इथे आली, म्हणून तुमची गाठ पडली नाही. मनाची चांगली आहे हो, पण हातात सदा बादली आणि ब्रश. परवा तिने पोस्टाची पेटी आतून धुतली. पत्रं आत असताना! माझ्या मागच्या पत्राला धुण्याच्या सोड्याचा वास आला असेल तर तो त्याचा.

ईस्टरच्या आधीची चर्चची साफसफाई गेल्या गुरुवारी झाली. दरवर्षी तू आणि मी पुढे असतो, बाकीच्या मागे. यंदा तू नाहीस आणि मी कोकराच्या बाटलीत अडकलेली, म्हणून मिसेस टॅपस्कॉटने सगळं अंगावर घेतलं. चर्च एवढं स्वच्छ झालंय की ओळखू येत नाही. असो. दुसरं काहीतरी सांगते.

दुसरं आठवत नाहीये.

हां, तू क्लेमच्या क्रॉसचं विचारलंस. एकदा मधे विचारलंस आणि एकदा सहीच्या खाली. क्रॉस जागेवर आहे, ताई. उत्तरेच्या भिंतीवर, तुझ्या बाकाच्या बरोबर वर, होता तिथेच. सरळ आहे. पडलेला नाही. कीड लागलेली नाही. लाकूड छान आहे.

तो आला तो दिवस मी विसरलेय असं समजू नकोस. लढाईनंतर फ्रान्समध्ये क्लेमच्या कबरीशी सरकारने दगड बसवला आणि तिथला लाकडी क्रॉस आपल्याला पाठवून दिला, तेव्हा जेबेझने स्टेशनवरून तो गाडीत गवत अंथरून आणला, जसं काही काचेचं सामान. खालच्या टोकाला, जमिनीत रोवलेला होता तिथे, पांढुरकी माती वाळून घट्ट बसली होती. पाद्रीसाहेब म्हणाले, पुसून भिंतीवर लावू. तेव्हा तू दोन्ही हातांनी ते टोक धरलंस आणि म्हणालीस, "ही माती कुणी पुसायची नाही. माझा मुलगा या मातीत आहे. मला तिथे जाता येत नाही, निदान एवढी तरी माझ्याजवळ राहू दे." त्यानंतर गावातल्या एकाही बाईचा झाडू तिकडे फिरकला नाही. सगळं आठवतं मला.

म्हणून सांगते, डॉक्टरांचं ऐक, घाई करू नकोस. ईस्टरला आलंच पाहिजे असं काही नाही. गाडीत पाय लोंबकळून घोटा पुन्हा सुजेल. मे महिन्यात ये. मे किती छान असतो! नाहीतर जूनमध्ये, गवत वाळवायला.

घोट्याची फार फार काळजी असलेली तुझी धाकटी,
सेलिना

ता. क. लाकूड खरंच छान आहे.


नेदरकूम
सोमवार, ११ एप्रिल

प्रिय ताई,

आज सकाळी तुझं पत्र आलं. त्याला पत्र म्हणायचं तर म्हण. 'शनिवारी चारच्या गाडीने येतेय. लाकूड छान आहे म्हणजे काय?' बस्स, खाली सही! तू लहानपणापासून अशीच. आईच्या जॅमच्या बरणीला बोट लागलेलं दिसलं की घरातल्या सगळ्यांना सोडून माझ्याकडेच बघायचीस.

तर आता खुर्चीत बस. लेटीला म्हणावं, आईला चहा कर आणि साखर दोन चमचे जास्त घाल. बसलीस?

माती गेली, ताई.

लिहिलं एकदाचं.  आता कसं झालं ते पहिल्यापासून सांगते, आणि मधेच पत्र चुलीत घालू नकोस, शेवटपर्यंत वाच. तुला माझी शपथ आहे.

साफसफाईच्या दिवशी संध्याकाळी मिसेस टॅपस्कॉट माझ्या दारात उभी राहिली. बाह्या वर खोचलेल्या, तोंड लालबुंद, आणि आनंद नुसता उतू चाललेला. म्हणते, "मिसेस हेक्स्ट, या बघायला! तुमच्या भाच्याचा क्रॉस! कित्ती वर्षांचा मळ होता हो त्याच्यावर, सगळा काढला!"

 हातात बाटली तशीच, मागे कोकरू, अशी मी चर्चपर्यंत पळत गेले. क्रॉस भिंतीवरून काढून दोन बाकांवर आडवा ठेवलेला. गरम पाणी, सोडा, घासायचा ब्रश, आणि वरून जवसाच्या तेलाचा हात. क्लेमचं नाव ठोकलेली ती टिनाची पट्टी चमच्यासारखी चमकत होती. आणि खालचं टोक... ताई, सुताराकडून आजच आल्यासारखं कोरं. नखाने खरवडून बघितलं. एवढीशीसुद्धा उरली नव्हती.

मला रडूच फुटलं. तिला वाटलं, आनंदाने रडतेय. माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणते, "असू द्या, असू द्या, आभार कसले मानायचे त्यात!"

मी म्हटलं, "ते पाणी कुठे ओतलंत?"

"कुठलं पाणी?"

"बादलीतलं!"

"गटारात. मग कुठे?"

गटार ओढ्याला मिळतं, ओढा नदीला, आणि नदी समुद्राला. घरी येऊन जेबेझला सांगितलं तर तो पाइप चावत म्हणाला, "म्हणजे फ्रान्सला परत गेली म्हण की." मी त्याला उशी फेकून मारली.

पण त्याच्या आधीचं सांगायचं राहिलं. मी मिसेस टॅपस्कॉटला सगळं सांगितलं, ती माती काय होती, तू काय म्हणाली होतीस. ती ओल्या ॲप्रनसकट तुझ्याच बाकावर बसली.  मग म्हणाली, "माझा भाऊ आरमारात होता. जहाजासकट खाली गेला. त्याला क्रॉस नाही, दगड नाही, काही नाही. रोज इथून जाता-येता याच्याकडे बघायची. म्हटलं, निदान कुणाच्या तरी भावाचा नीट धुवावा."

 तिला फैलावर घेणार होते, ते राहूनच गेलं. आम्ही दोघी शेजारी बसून रडलो, आणि तेवढ्या वेळात कोकराने गुडघे टेकायच्या उशीचा गोंडा खाऊन टाकला.

इथपर्यंतचं ठीक होतं. म्हणजे वाईट होतं, पण सरळ होतं. मी तुला लगेच लिहायला हवं होतं हे मला कळत होतं. पण पेन उचललं की तुझा चेहरा समोर यायचा आणि मी कोंबड्यांबद्दल लिहायची.

आणि मग जेबेझला कल्पना सुचली. आमच्या लग्नानंतर त्याला सुचलेली ही दुसरी कल्पना. पहिली डुक्कर सायकलवरून घरी आणायची होती, ती तुला माहीत आहे.

"चिखल तो चिखल," तो म्हणाला. "थोडा लावून टाकतो. ड्रुसिला येईपर्यंत मस्त वाळेल."

"जेबेझ, तिला फसवायचं?"

"फसवायचं कुठे? तिला रडू येऊ नये एवढंच."

मी नको म्हटलं होतं, हे ध्यानात ठेव. पण परवा, शनिवारी संध्याकाळी दिवे लावायच्या सुमाराला हा बादली आणि थापी घेऊन गेला आणि भिंत लिंपावी तसं क्रॉसचं ते टोक लिंपून आला. मी बघायला गेले. ओला चिखल, त्यात चर्चमधला अंधार, खरं सांगते ताई, हुबेहूब! मीसुद्धा म्हटलं, अरे, जमलं की याला.

काल पाम संडे, ईस्टरच्या आदला रविवार. सगळं गाव चर्चमध्ये. विलोच्या केसाळ कळ्यांच्या डहाळ्या हातात घेऊन सगळे उभे, आणि पहिलं स्तोत्र संपतंय तोच समोरच्या खिडकीतून ऊन आलं ते थेट क्लेमच्या क्रॉसवर.

लाल! ताई, विटेसारखी लाल! रात्रीत वाळली आणि रंग उघडा पडला. फ्रान्सची माती कुठे, ती पिठासारखी पांढुरकी, आणि ही आपली नेदरकूमची. ज्या मातीत लोळून आपल्या मेंढ्या गुलाबी होतात, ज्या मातीने तुझ्या माझ्या सगळ्या परकरांचे काठ कायमचे रंगले, ती! आंधळ्यालाही कळावं. एकेक मान वळायला लागली. कुजबुज सुरू झाली. जेबेझ स्तोत्रांच्या पुस्तकात तोंड खुपसून उभा, आणि पुस्तक उलटं. पाद्रीसाहेबांनी मान वर केली, नव्या चष्म्यातून नीट बघितलं, आणि एकच वचन लागोपाठ दोनदा वाचलं. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं.

कोण असेल सांग. रूबेन लस्कम! हो, तोच. क्लेमबरोबर एकाच खंदकात होता तो, एक हात तिकडेच ठेवून आलेला. जो परत आल्यापासून 'हो' आणि 'नाही'च्या पुढे कुणाशी बोलला नाही, शेवटचं स्तोत्र संपायच्या आत निघून जातो, आणि तू रस्त्याने येताना दिसलीस की पलीकडे होतो. तुला त्याचं किती लागायचं ते मला माहीत आहे. तो रूबेन हसत होता. आधी दाबून, मग दाबता येईना. एका हाताने पुढचा बाक घट्ट धरून, खांदे गदगदा हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. लोकांनी शूऽऽ केलं. त्याला ऐकूही गेलं नसेल.

प्रार्थना संपल्यावर तो पळून गेला नाही. दारापाशी आमच्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "जेबेझकाका, हे क्लेमला दाखवायला हवं होतं."

मग बोलतच सुटला. आम्ही चौघं होतो तिथे, मी, जेबेझ, पाद्रीसाहेब आणि मिसेस टॅपस्कॉट, पण कुणी हूं की चूं केलं नाही. म्हटलं, मधे बोललं तर पुन्हा बंद होईल. त्याने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

"क्लेम तिकडच्या चिखलाला रोज शिव्या घालायचा. गुडघ्याएवढ्या चिखलात उभा राहून म्हणायचा, 'हिला माती म्हणतात होय? ही तर आजाऱ्याची पेज! माती बघायची तर आमच्या नेदरकूमला चला. लाल, केकसारखी. आमच्याकडे मेंढ्यासुद्धा गुलाबी असतात!' आमच्यात सगळे उत्तरेकडचे गिरणीवाले. ते म्हणायचे, थापा मारतो. गुलाबी मेंढी कधी असते का? मग ते मला विचारायचे, 'काय रे रूबेन, तू त्याच्याच गावचा ना? खरं का हे?' आणि मी गंभीर चेहरा करून म्हणायचो, 'मी तर बुवा कधी पाहिली नाही.' असा चिडायचा! पेला फेकून मारायचा मला. लढाई संपली की सगळ्यांना गावी नेऊन मेंढ्या दाखवीन, अशी शपथ घेतली होती त्याने. अख्खी तुकडी त्याला 'गुलाबी मेंढी' म्हणायची. सार्जंटसुद्धा."

एवढं बोलून तो थांबला. बाहीने तोंड पुसलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सेलिनाकाकू, हे ड्रुसिलाकाकूंना सांगायचं होतं. किती वर्षं झाली, जमलंच नाही. वाटायचं, तोंड उघडलं की दुसरंच काहीतरी बाहेर पडेल. जे आईला सांगायचं नसतं ते." आणि निघून गेला. पण हळूहळू गेला, ताई. नेहमीसारखा पळत नाही.

आता शेवटचं. घरी आल्यावर मी जेबेझला विचारलं, माती आणलीस कुठून? तर मान खाली. खूप खोदलं तेव्हा म्हणाला, "अमोसच्या शेजारची."

तुझ्या अमोसच्या कबरीशेजारची ती रिकामी जागा, ताई. क्लेमला घरी पाठवा म्हणून तू सरकारला लिहीत होतीस तेव्हा राखून ठेवली होतीस ती. गावातल्या सगळ्या कबरी जेबेझच खणतो, पण सरकारने नाही म्हटल्यावरही त्याने तिथे दुसऱ्या कुणासाठी फावडं लावलं नाही. फक्त गवत कापतो. मी म्हटलं, अरे, एवढ्या लांबून कशाला, डबकं तर दारातच होतं. तर माझ्यावरच डाफरला, "क्लेमला डबक्यातली लावू?"

तर आता तू सांग. धुऊ की ठेवू? जेबेझ म्हणतो, आत्ता जाऊन खरवडून टाकतो. मिसेस टॅपस्कॉट म्हणते, ती आयुष्यात पुन्हा ब्रश हातात धरणार नाही, म्हणजे किती घाबरली असेल बघ. पाद्रीसाहेब म्हणाले, क्रॉस ड्रुसिलाचा आहे, ती सांगेल तसं. शनिवारी सकाळी बायका खिडक्यांतून शेवाळ आणि प्रिमरोझची फुलं मांडायला येतील, त्याच्या आत तुझं उत्तर येऊ दे.

रागाव. मनसोक्त रागाव. मला बोल, जेबेझला बोल, मधल्यामधे पोस्टवाल्यालाही बोल. फक्त येत नाही असं म्हणू नकोस. मे महिन्याचं लिहिलं होतं ते सगळं खोटं होतं. तुझ्याशिवाय मला ईस्टर करवत नाही.

तुझी, झोप उडालेली,
सेलिना


ब्रिस्टल
बुधवार, १३ एप्रिल

सेलिना,

काल तुझं पत्र आलं. तू बस म्हणालीस, मी बसले नाही. 'माती गेली' वाचलं आणि काठी भिंतीवर आपटली. जावईबापूंच्या भिंतीचा हा एवढा पोपडा निघाला. लेटी धावत आली, तिला वाटलं कुणीतरी गेलं. मी म्हटलं, हो, पुन्हा गेला. तुझ्यावर अशी चिडले होते की समोर असतीस तर जॅमच्या बरणीच्या वेळी दिली होती तशी एक ठेवून दिली असती.

पत्र चुलीत घालणारच होते. शपथ घातली होतीस म्हणून पुढे वाचलं.

गुलाबी मेंढी.

सेलिना, एवढ्या वर्षांत मला त्याचं नवीन काही कळलं नव्हतं. गेलेल्या माणसाचं नवीन काही कळत नाही गं. जुनंच तेवढं परत परत काढून बघायचं, आणि बघून बघून तेही विरत जातं. त्याचा आवाज कसा होता ते मला हल्ली नीट आठवत नव्हतं. आणि काल तो मला दिसला. चिखलात उभा, कान लाल झालेले, मेंढ्यांवरून भांडतोय. चिडला की कान लाल व्हायचे त्याचे, आठवतं ना? मी मोठ्याने हसले. लेटी रडली. जावईबापूंनी विचारलं, हसायचं की रडायचं, तर आम्ही दोघींनी त्यांना चहा करायला पाठवलं.

आता त्या मातीचं सांगते. हे मी कुणाला सांगितलं नाही, तुलाही नाही. जपली, कारण दुसरं काही नव्हतं. पण तिच्याकडे बघून मला कधी बरं वाटलं नाही. दर रविवारी त्या बाकावर बसायचे आणि मनात यायचं, हिनेच गिळला माझा मुलगा, आणि मी हिचीच राखण करतेय. पुसूही देववत नव्हती आणि बघवतही नव्हती. गेली ती गेली. सोड्याने धुऊन गेली, स्वच्छ गेली. त्या बाईला म्हणावं, मी रागावले नाही. आधी रागावले होते हे सांगू नकोस. आणि तिच्या भावाचं नाव विचारून ठेव. ईस्टरला गेलेल्यांची नावं वाचतील तेव्हा क्लेमच्या नावापाठोपाठ तेही वाचायला पाद्रीसाहेबांना मी सांगेन. चष्मा आहे, दिसेल त्यांना.

आता नीट वाच. जेबेझने खरवडायचं नाही. त्याचं लिंपण कसं असेल ते न बघताही मला दिसतंय, एकीकडे जाड, एकीकडे बोटांचे ठसे. तसंच राहू दे. मी सरकारला किती अर्ज केले, त्याला घरी पाठवा म्हणून. ते म्हणाले, जो जिथे पडला तिथेच राहील, अधिकारी असो की शिपाई, सगळ्यांना एकच नियम. नियम चांगलाच असेल. पण अमोस जाईपर्यंत विचारत होता, पोराचं काय झालं, येणार का?  आणि आता आपल्या खुळ्या जेबेझने, कुणाला न विचारता, एका बादलीत ते काम करून टाकलं. क्लेमच्या नावाचं लाकूड बापाच्या शेजारच्या मातीत रोवलंय. भिंतीवर का असेना. मूठभर का असेना. मला तेवढी माती पुरे आहे. जेबेझला सांग, त्याच्या आयुष्यातल्या दोन कल्पनांपैकी एक तरी कामाची निघाली.

कुणी विचारलं, ही लाल कशी, तर खरं तेच सांगायचं. नेदरकूमची आहे. मुलगाही नेदरकूमचाच आहे.

रूबेनला ईस्टरला जेवायला बोलाव. नको म्हणेल. मग म्हणावं, ड्रुसिला लंगडत तुझ्या दाराशी येईल, आणि ते सगळ्या गावाला दिसेल. त्याला माझ्या शेजारी बसव. मी काही विचारणार नाही. बटाटे वाढीन, मांस कापून देईन, एवढंच. बोलला तर ऐकेन. आईला सांगायचं नसतं ते बोलला, तर तेही ऐकेन. त्याची आई नाही म्हणून त्याला ते इतकी वर्षं एकट्याला बाळगावं लागलं.

शनिवारी चारच्या गाडीला जेबेझला पाठव. घरी न्यायच्या आधी चर्चपाशी थांबव म्हणावं. आत मी एकटी जाईन. तुम्ही सगळे बाहेर उभे राहा आणि कुजबुजू नका.

चहा घरी आल्यावर. आपल्या दुधाचा.

तुझी ताई,
आणि नेदरकूमच्या गुलाबी मेंढीची आई,
ड्रुसिला